हाडं मऊ, कडी घट्ट

पांढुर्ण्यात ऊन कमी पडलेला मी पहिलाच माणूस असेन.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "गुरुजी, ड जीवनसत्त्व पार तळाला गेलं आहे. हाडं मऊ पडलीत. रोज उन्हात बसा. आणि पडू नका! पडलात तर खुबा गेलाच समजा." (तीस वर्षं मी पोरांना मैदानात उभं करून स्वतः व्हरांड्याच्या सावलीतून 'सूर्यप्रकाशाचे फायदे' शिकवले. ते असे अंगाशी आले!)

दुसऱ्या दिवशी शनिवार. अंगभर तिळाचं तेल चोपडलं, पट्ट्यापट्ट्याची चड्डी चढवली आणि चार संत्री घेऊन गच्चीवर गेलो. गल्लीतल्या माजी विद्यार्थ्यांनी हा देह पाहू नये म्हणून पाण्याच्या टाकीमागे बसलो. उबेनं दोन-तीन तास गाढ झोप लागली.

आता त्या गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूनं कडी बसवलेली. वानरं घरात शिरतात म्हणून मीच बसवलेली! 'दार उघडं दिसलं की कडी लावायची,' हा माझा घरातला एकुलता एक कायदा. आदल्याच दिवशी त्यावरून मी बायकोला, सिंधूला, झापलं होतं. तिनं दार उघडं पाहिलं, मी औषधं आणायला गेलो असं समजून कडी लावली, घराला कुलूप ठोकलं आणि ठरल्याप्रमाणे जामसांवलीला निघून गेली. मारुतीला नवस बोलायला. माझ्या हाडांसाठी!

धप्पकन आवाज झाला आणि मी जागा झालो. समोर तीन वानरं. दाराकडे धावलो, तर दार बंद! तेलकट पाय सर्रकन घसरला. टाकीचा नळ हाती लागला म्हणून वाचलो. एकेक करून चारही संत्री फेकली. वानरं खाऊन आणखी जवळ सरकली. मी घाबरलो, खरंच घाबरलो. सिंधू प्रसाद घेऊन येईल आणि मी खुबा मोडून पडलेला असेन, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

"वाचवा!"

शेजारच्या अंगणातून शेवंताबाईनं वर पाहिलं. वय सत्तरीपार, रोज स्वतःच्या वावरात कापूस वेचायला जाणारी.

"काहून बोंबलून राहिले, गुरुजी?"

"अडकलो! सिंधू कुलूप लावून गेली!"

तिनं संत्री तोडायची शिडी आणून भिंतीला टेकवली. "उतरा. मी धरून राहिली."

"पाय घसरला तं हाडं मोडतीन ना माझे!"

"वानरं चावतीन तं काय वाचतीन?"

मी उतरू लागलो. पाचव्या पायरीवर तेलानं दगा दिलाच! डोळे मिटले, मारुती आठवला... आणि शेवंताबाईनं मला कापसाच्या गाठोड्यासारखं खांद्यावर झेललं. नेमकी तेव्हाच सिंधू फाटकात.

"अहो! हे काय चाललंय?"

"शिडीवरून पडून राहिले होते, झेललं," शेवंताबाईनं मला खाली ठेवलं.

सिंधूनं मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, हाडं शाबूत असल्याची खात्री केली आणि मगच रडायला लागली. "पावला बाई मारुती!"

"मारुती पावला, पन वजन मलेच पडलं," शेवंताबाई म्हणाली. "उन्हासाठी गच्चीवर कायले चढता? उद्यापासून चाला माह्या वावरात."

तेव्हापासून रोज तासभर मी तिच्या मागे कापूस वेचतो. तिच्या वावरात व्हरांडा नाही, एवढीच माझी तक्रार.