कुरखेड्याच्या बाईची नोटीस

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही, आणि ज्यांच्याबरोबर काम करते त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय – थोडी धाप लागल्यासारखीच सांगेन, कारण तो दिवस आठवला की अजूनही छाती धडधडते. भीतीनं म्हणाल तर – नाही. आनंदानं.

मी सावली गावची. वकिली शिकले आणि बियाण्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका गटात शिरले. परदेशाशी व्यापार करार व्हायचा होता. नव्या वाणांवर कंपन्यांना आणखी कडक हक्क द्या, अशी समोरच्या देशाची मागणी. आपल्या कायद्यात शेतकऱ्याला बी – आमच्याकडे म्हणतात ती बिजाई – राखायची, शेजाऱ्याला द्यायची मुभा आहे. तीच आक्रसणार होती. नागपुरात त्यावर चर्चा ठेवली होती. दिल्लीहून साहेब आलेले, सभागृह भरलेलं – आणि माझ्या हाती माइक!

मी कलमं सांगत होते. लोक मोबाइल बघत होते. काय करणार होते मी? खाली बसायला हवं होतं. पण तोंडातून वाक्य निघालं – "आमच्या कुरखेड्याकडे एका बाईनं शेजारणीला टोपलीभर बिजाई दिली, तर कंपनीची नोटीस आली."

सगळ्या माना वर झाल्या. काय सांगू तुम्हाला! मग मी थांबलेच नाही. त्या बाईचं घर रंगवलं, तिचं रडणं रंगवलं. साहेब लिहून घेऊ लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी अक्षरशः तरंगत होते.

अशी नोटीस कुणालाही आली नव्हती. अशी बाईच नव्हती.

म्हणजे – बाई होती. कुरखेड्याजवळ माझी मावशी राहते. तिच्याकडे लांब कुसाचं, वासाचं जुनं धान होतं. पेरणीआधी कुणीही यावं, टोपली भरून न्यावी. बोलताना तीच डोळ्यांसमोर होती.

भाषणाचा व्हिडिओ फोनाफोनी फिरत तिच्या गावात पोचला. त्यात मावशीचं नाव नव्हतं, पण भाची वकील आहे, ती खोटं कशाला बोलेल? गावात बिजाईची देवघेव थांबली. मावशीनं दारात आलेल्या बायांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. मग घरात ठेवायचीही भीती वाटली, म्हणून बिजाईची अख्खी ढोली रिकामी करून तिनं ते धान राईस मिलमध्ये भरडून आणलं.

हे मला कळलं ते तिच्या घरी जेवताना. पानात तोच भात होता. घरभर वास.

"खाय बाई," ती म्हणाली. "बिजाई नाई उरली, आता धाकही नाई."

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? कायदा तुझ्याच बाजूनं आहे, एवढं जरी बोलले असते! पण मग तिनं नोटिशीबद्दल विचारलं असतं. मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

आणि पुढच्याच सभेत, लोकांनी आग्रह केला म्हणून, तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी बाईच्या दारात पोलीसही आणले. आवाज योग्य जागी कापरा केला. मजा आली मला – हो, मजाच.

मावशीसारखं धान कुणाकडे उरलंय का, म्हणून मी नंतर आसपासच्या गावांत विचारलं. आधी ज्यांनी नेलं होतं, त्यांनीही घाबरून खाऊन टाकलं होतं.

यंदा मावशीनं बाजारातून बियाण्याची पिशवी आणली. मी गेले तेव्हा ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "तू त वकिलीन हायेस. यातलं धान पुढच्या सालाले बिजाई म्हणून ठेवता येते का? का यालेही नोटीस येते?"

उत्तर मला पाठ होतं. ठेवता येतं, हे कलम सभेसभेत सांगत आले होते.

मी म्हटलं, "विचारून सांगते."