बोगद्यातला आकडा

सरांना माणसांचा मनापासून तिटकारा होता आणि तो लपवण्याचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. लोणावळ्याला हवा खायला येणारे सगळे 'चिक्कीची गिऱ्हाइकं', विद्यापीठातले सहकारी 'खडू झिजवणारे' आणि मी, त्यांचा एकुलता एक संशोधक विद्यार्थी, 'गाढव'. तेही स्वारी खुशीत असली तर. एरवी ते माझ्याकडे बघतही नसत.

सगळ्यात जास्त राग ताऱ्यांवर व्याख्यानं देणाऱ्यांचा. "तारा फुटतो तेव्हा आत काय होतं, यावर तास तास बोलतात. अरे, मोजलंय का कुणी?" सर मोजत होते. मुंबईच्या प्रयोगशाळेत पातळ पत्र्यावर प्रोटॉनांचा मारा करून घ्यायचा, पत्रा शिशाच्या डबीतून गाडीने आणायचा आणि घाटातल्या बंद पडलेल्या बोगद्यात यंत्रापुढे ठेवायचा. नवे किरणोत्सारी अणू किती बनले, ते यंत्राच्या टिकटिकीवरून कळे. आकाशातून पडणारे कण डोंगर अडवतो, म्हणून बोगदा. सदुसष्ट साली माझी अर्धी उमर तिथल्या ओलीत गेली असं मला वाटे.

बोगद्याच्या राखणीला बेडसे गावाकडचे भाऊ होते. सरांची तुच्छता त्यांच्यापुढे मात्र चालत नसे. सर एकदा म्हणाले, "भाऊ, तुमच्या विळ्यातलं लोखंड ताऱ्यातच बनलंय." भाऊ म्हणाले, "न्हाई सायेब. कामशेतच्या लोहारानं बनवलाय. मी सोता गेलतो." सरांनी विळा उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला.

माझ्या प्रबंधाचा सगळा भार त्या टिकटिकीतून निघणाऱ्या एका आकड्यावर होता. तो आला, आमच्या अंदाजाच्या तिप्पट. पण परदेशातल्या मोठमोठ्या लोकांच्या सिद्धांताला हवा होता तेवढाच. सर खूश व्हायचे सोडून कपाळाला आठ्या घालून बसले. "मनासारखा आकडा आला की आधी संशय घ्यावा. त्या आठवड्यात काही बदललं होतं का रे, गाढवा?"

"नाही सर," मी म्हणालो.

बदललं होतं. भाऊ गावी गेले असताना पेट्रोमॅक्सच्या बत्तीचं मेंटल, म्हणजे आतली जळणारी जाळी, फुटलं. ती जाळी मी झटकून काढली, नवी बांधली आणि राखेच्या त्याच बोटांनी पत्रा यंत्रापुढे सरकवला. मेंटलमध्ये थोरियम असतं, ते स्वतःच यंत्राला टिकटिक करायला लावतं, हे मला सरांनीच शिकवलं होतं. आठवलं तेव्हा प्रबंधातलं ते प्रकरण टाइप होऊन आलं होतं, म्हणून मी सांगितलं नाही. सरांनी माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवला. आकडा आमच्या दोघांच्या नावाने छापून आला.

पुढे भाऊ सहज बोलून गेले, "सायेब, मी नव्हतो तवा बत्तीची जाळी ह्यांनी बदलली. परत आलो तर राख समदी यंत्राखाली सांडलीवती."

सरांनी मला बोलावलं. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पुन्हा मोजायला तीन वर्षं लागतील. थांबणार आहात का?"

मला नोकरी मिळत होती, लग्न ठरत होतं. "नाही सर," मी म्हणालो.

"मग दुसरा मार्गदर्शक बघा. पुष्कळ आहेत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

एका खडू झिजवणाऱ्याने प्रबंधावर सही केली. मी डॉक्टर झालो, पुढे विभागप्रमुखही. माझ्या हाताखालच्या कुणालाही मी कधी गाढव म्हटलं नाही. तेवढी आस्था मला कुणाबद्दल वाटलीच नाही.

सरांनी तीन हिवाळे भाऊंना घेऊन पुन्हा मोजलं. आकडा आला पहिल्याच्या एक तृतीयांश. त्यावरचा त्यांचा लेख आमच्या ग्रंथालयात आला, तो मी उभ्यानेच वाचला. शेवटी एक ओळ होती : 'आधीच्या मापनातली चूक माझी आहे.' माझं नाव कुठेच नव्हतं. सर राहत होते तो लोणावळा माझ्यापासून दोन तासांवर होता. सर त्यानंतर चार वर्षं जगले, आणि मी गेलो नाही.