भिंतीला टांगलेली खिडकी

इंदूमावशी रोज सकाळी चहा टाकायच्या आधी खिडकी उघडायच्या. दोन्ही पल्ले आपल्याकडे ओढायच्या, बिजागऱ्या कुरकुरायच्या आणि पल्ल्यांआड पोपडे आलेली चुन्याची भिंत दिसायची. तेवढंच. संध्याकाळी दिवा लावताना त्या पल्ले परत मिटून घ्यायच्या. मी एकदा विचारलं, "मावशी, मागं भिंतच आहे, तर मिटायचं कशाला?" त्या म्हणाल्या, "संध्याकाळचे डास येत्यात गं." आणि हसल्याही नाहीत.

ही खिडकी ज्या दिवशी त्यांनी विकत घेतली, त्याच दिवशी आमची ओळख झाली. लोहाऱ्याचा आठवडी बाजार होता. मी पत्रकं वाटत होते. पत्रकं वाटणं हा आमच्या घरचा वारसा. माझ्या वडिलांचं छपाईचं छोटं दुकान आहे; लग्नपत्रिका छापून घर चालतं आणि उरलेल्या शाईत ते मोर्च्याची, सभेची, संपाची पत्रकं छापतात. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. त्या दिवशीचं पत्रक मात्र माझं स्वतःचं होतं, लाल शाईतलं. मथळा होता : 'बायांनो, उंबरठा ओलांडा.'

बाजाराच्या टोकाला मेहबूबचाचा जुनं सामान मांडून बसायचे. पाडलेल्या घरांची दारं, खुंट्या, कंदील, मोडक्या खुर्च्या. तिथं विटक्या हिरव्या लुगड्यातली एक किडकिडीत बाई खिडकीसमोर उकिडवी बसली होती.

"चाचा, नुसती चौकट द्या. पल्ले काय करू?"

"वहिनी, सागवानी हाय. पल्ले तोडून द्यायचो न्हाई. माकणीच्या घराची हाय ही. धरणाचं पाणी दिसायचं हिच्यातून."

बाईनं पल्ल्यावरून हात फिरवला आणि घासाघीस तिथंच थांबवली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ए पोरी, कागद वाटायचे झाले असतील तर एक बाजू धर."

मी बाजू धरली. पत्रकांचा उरलेला गठ्ठा त्यांच्या पिशवीत गेला. अख्खा बाजार आम्हा दोघींकडं आणि मधल्या खिडकीकडं बघत होता.

त्यांची खोली पाहिल्यावर मला दारातच थांबावं लागलं. बाहेरून ते दिराचं घर. मधोमध एक खोली, तिचं दार अरुंद बोळात उघडणारं, आणि बाकी तिन्ही बाजूंनी भिंती. पुढं दिरांची बैठक, मागं दिरांचं स्वयंपाकघर, उजवीकडं दिरांची धान्याची कोठी, छतापर्यंत पोत्यांनी भरलेली. उजेड दारातून जेवढा येईल तेवढा. आणि त्या तेवढ्या उजेडात जुन्या तराजूची दोन पारडी आढ्याला टांगलेली, दोन्हींतून मनीप्लँट खाली उतरलेला. सायकलच्या रिमात बसवलेला आरसा. शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर फरशी ठेवून केलेलं टेबल. एस.टी.च्या जुन्या दिव्याची काच, तिच्यात बल्ब. ढोकीच्या कारखान्याकडून आलेल्या साखरेच्या पोत्याचा पडदा, त्यावर लाल दोऱ्याची वेलबुट्टी. सगळं बाजारातलं, कुणीतरी टाकून दिलेलं.

"मावशी, एखादी नवी वस्तू का नाही घेत?"

"नवी आणली की घरात बोंब हुती, हिच्याजवळ पैसा आला कुठनं. भंगार आणलं की म्हणत्यात, बाई येडी हाय. येडीचं कुणी काय घेत न्हाई."

त्यांचे यजमान एस.टी.त वाहक होते. ते गेल्यावर थोरल्या दिरांनी, म्हणजे अप्पांनी, चार माणसांसमोर सांगितलं की मधली खोली इंदूची. तोंडी. कागद झाला नाही. मुलीच्या लग्नासाठी मावशी चार दिवस पुण्याला गेल्या. परत आल्या तर कुलूप दुसरंच, आणि खोलीत अप्पांचा फवारणीचा पंप आणि बियाण्याची पोती. 'जागा रिकामी हुती, ठेवलं.' ती पोती बाहेर काढायला पावसाळा उलटला. तेव्हापासून मावशी एकही रात्र बाहेर राहिल्या नव्हत्या. मुलीचं, सुजाताचं, पहिलं बाळंतपण झालं. त्या गेल्या नाहीत. सुजातानं वर्षभर फोन केला नाही.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पोटतिडकीनं सांगू लागले : हक्क, वारसा, कायदा. आमच्या पत्रकात हे सगळं होतं. त्यावरून मला पत्रकांचा गठ्ठा आठवला.

"मावशी, माझी पत्रकं कुठायत?"

त्यांनी कोपऱ्यातली टोपली दाखवली. फिकट गुलाबी रंगाची, कागदाच्या लगद्याची, आत कांदे. लगद्यात मेथ्या वाटून घातल्या होत्या, त्याचा कडवट वास अजून येत होता. लाल शाईनं लगदा गुलाबी झाला होता. कडेला एका जागी 'उंबर' एवढी अक्षरं शाबूत होती.

"तुम्ही वाचलंसुद्धा नाही," मी म्हणाले. मला खरंच राग आला होता.

"वाचलं की. दोनदा वाचलं. उंबरठा वलांडल्यावर मागं कुलूप कोण बघंल, ते तुज्या कागदावर लिव्हलेलं न्हवतं. मग भिजत घातलं."

मी तीन आठवडे त्यांच्याकडं गेले नाही. चौथ्या आठवड्यात बाजारात त्यांनीच गाठलं. "रुसवा झाला आसंल तर चल. खिडकी टांगायचीय, हातोडी म्या मारते, तू धर."

खिडकी आम्ही कोठीच्या बाजूच्या भिंतीवर टांगली. नुसती टांगली, भिंतीला खिळे सोडून काही झालं नाही. त्या दिवसापासून त्यांचं ते रोजचं उघडणं-मिटणं सुरू झालं. बिजागऱ्या फार कुरकुरायच्या. मी शिलाई मशीनचं तेल घेऊन गेले तर त्यांनी बाटली परत केली. "ऱ्हाऊ दे. कुरकुरू दे."

एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अप्पा थोरले दीर. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही आणि तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ही त्या घरची रीत. पोती ठेवायची होती तेव्हा गडी आत गेले होते. अप्पा बोळात उभे होते. त्यामुळं ती खिडकी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना फक्त कोठीत उभं राहिल्यावर, पोत्यांच्या पलीकडून, सकाळी आणि संध्याकाळी कुरकुर ऐकू यायची. त्यात त्यांच्या नातीनं घरभर सांगितलं : काकूआजीनं खिडकी केली, रोज उघडती.

अप्पांनी पोती हलवून पाहिली असती तर अर्ध्या दिवसात उलगडा झाला असता. त्यांनी नगरपंचायतीत अर्ज केला : भावजयीनं भिंत फोडून खिडकी काढली.

सुजाताला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते, सातवा लागला होता. तिनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "ह्या वेळी आलीस तर आलीस, आई. नाहीतर पुन्हा बोलावणार नाही." हे सांगताना मावशी पारड्यातल्या मनीप्लँटची पिवळी पानं खुडत होत्या. पिवळी संपली तरी खुडत राहिल्या.

अर्जावरून नगरपंचायतीचा एक कर्मचारी मोजायची टेप घेऊन आला, बरोबर दोन पंच. मीही धावत गेले, खिशात नव्या पत्रकाचा मजकूर घेऊन. अप्पा बोळात, दाराकडं पाठ अर्धी वळवून उभे.

"मावशी, तक्रार आहे. खिडकी कुठंय?" कर्मचाऱ्यानं विचारलं.

"ही काय."

अप्पा बोळातून म्हणाले, "त्यांना म्हणावं, उघडून दावा."

"अप्पांना सांगा, उघडते. डोळं मिटून घ्या म्हणावं, लई उजेड येतोय."

पल्ले कुरकुरले. एका पंचानं पुढं होऊन भिंतीवर बोट टेकवलं, बोटाला चुना लागला तो पाहिला आणि दुसऱ्याला दाखवला. दुसरा हसू आवरत बाहेर गेला आणि अप्पांना काहीतरी सांगू लागला. अप्पांचा आवाज चढला. "आज भित हाय. उद्या भोक पाडतील. त्यांना म्हणावं, काढून टाका."

"अहो अप्पा, फोटो टांगावा तशी टांगलीय. फोटो काढा, असं कुठल्या नियमात बसवू?" कर्मचारी म्हणाला.

मी इथं भाषणाला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

"ह्या पोरीला कुणी बोलावलं?" अप्पा म्हणाले.

"गप बस गं," मावशी म्हणाल्या. "साहेब लिव्हायलेत." मग त्या कर्मचाऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, नीट लिव्हा. खोली कुणाची, कोण ऱ्हातंय, कवापासनं. नाहीतर म्हणतील दुसऱ्याच घरात जाऊन आले."

"अर्जात आहेच की ते," तो म्हणाला आणि वाचू लागला : "माझ्या भावजय इंदुमती यांनी त्यांच्या राहत्या खोलीच्या भिंतीस..."

"तसंच लिव्हा. त्यांच्याच शब्दात."

पंचनामा झाला. पंचांच्या सह्या झाल्या. अप्पांची सही राहिली. ते घुटमळले, पण सही केली नाही तर तक्रार खोटी ठरणार, आणि दोन पंच गावभर बोटाचा चुना दाखवत फिरणार. त्यांनी बोळात, पंचाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मावशींनी नक्कल मागून घेतली.

सगळे गेल्यावर त्या खाली बसल्या. मी म्हणाले, "अप्पा तक्रार करणार, हे तुम्हाला माहीत होतं. खिडकी घेतली तेव्हापासून माहीत होतं."

"खुळी का काय. खिडकी मला पाहिजे हुती म्हणून घेतली. हिनं पाणी बघितलंय." मग म्हणाल्या, "कुरकुर कोठीत ऐकू जाती, तेवढं माहीत हुतं. खोली माज्या नावची हाय असं लिव्हून द्या, म्हणून म्या चार येळा अर्ज दिला. कुणी आलं न्हाई. त्यांनी एकदा दिला, तर टेप घेऊन आले."

हे वाक्य मी नंतर पत्रकात छापलं. त्यांचं नाव न घालता.

एका वकिलांनी सांगितलं की हा मालकीचा कागद नव्हे. पण खोली कुणाच्या ताब्यात आहे, हे थोरल्या दिराच्या सहीनं लिहिलेलं आहे, आता कुलूप बदलणं सोपं नाही. मावशींनी बाजारातून एक जुनी तसबिरीची चौकट आणली, आतला कुणाच्यातरी लग्नाचा फोटो जपून मेहबूबचाचांना परत दिला, आणि पंचनामा काचेआड घालून खिडकीच्या मागं, नेमका मधोमध, भिंतीला ठोकला. आता पल्ले उघडले की तो दिसायचा.

आणि त्या पुण्याला गेल्या. जाताना किल्ली मला दिली. "रोज उघड. रोज मिट. बंद ऱ्हायली की म्हणत्यात, बाई गेली."

मी रोज गेले. सकाळी कॉलेजच्या आधी, संध्याकाळी दुकानातून घरी जाताना. मी, जिनं उंबरठा ओलांडायची पत्रकं छापली, ती एका भिंतीवरची खिडकी उघडायला दिवसातून दोनदा बांधली गेले. एकदा बोळात अप्पा भेटले. "कधी येनार म्हनं त्या?" मी म्हणाले, "तुम्हीच फोन करून विचारा." ते आत गेले.

मावशींचा फोन यायचा. मुलगा झाला होता. "इथं सातव्या मजल्यावर ऱ्हात्यात. खिडकी लई मोठी. पण कबुतरं येत्यात म्हणून जाळी ठोकलीय, हात भायेर जात न्हाई. माजी उघडलीस का?"

"उघडली."

"कुरकुरती का अजून?"

"कुरकुरते."

"मग बरंय."

बाळाचा महिना भरला आणि दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या. दुपारी बाळाशेजारी आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. छातीतलं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. माझ्या मते लोहाऱ्यातसुद्धा होतं. दवाखान्यात ठेवून घेतलं असतं तर रात्र बाहेर काढावी लागली असती.

दिवसकार्य उरकून सुजाता तान्ह्या बाळाला घेऊन आली. बोळात अप्पा उभे होते. तिच्याशी बोलायला त्यांना रीत आड येत नव्हती. "पोरी, जागा आता रिकामीच की. तू तिकडं. आमी बघतो."

सुजाता आत आली, तिनं खिडकी उघडली आणि तो कागद उभ्यानं पूर्ण वाचला, खालच्या सहीपर्यंत. मग मला विचारलं, "ही किल्ली किती दिवस तुझ्याकडं राहू शकेल?"

त्याला आता दोन वर्षं होत आली. सुजाताचा वारसाचा अर्ज अजून चालू आहे. गुलाबी टोपली तिनं नेली. मी पत्रकं अजून लिहिते, पण मजकूर झाला की थांबते आणि खाली एक ओळ वाढवते : तुम्ही बाहेर पडाल तेव्हा घर कोण राखेल, ते आधी ठरवू, आमच्याकडं या. हसतात लोक. काही बाया येतात. परवा एकीनं खरोखरच किल्ली आणून दिली, आठ दिवसांसाठी. आता माझ्याकडं दोन किल्ल्या आहेत.

मावशींची खिडकी आज सकाळीही उघडली. पल्ले ओढले तसं पलीकडं कोठीत कुणीतरी खाकरलं. बिजागऱ्यांना मी तेल घातलेलं नाही.