जावयाचा मुलूख

माझ्या होणाऱ्या जावयाला देश नाही, हे मला साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी कळलं.

तोवर अख्ख्या शेलूबाजार गावात मी ‘जावई फ्रान्सचा’ म्हणून सांगून मोकळा झालो होतो. (माझ्या बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी ही बातमी मिळायची, मग सोयाबीन!) जोआन माझ्या मुलीबरोबर, पल्लवीबरोबर, पुण्यात नोकरी करतो. वऱ्हाडी तिनेच शिकवलेली. तो पल्लवीसोबत घरी येऊन टेकला तसा मी रिवाजाप्रमाणे विचारलं, “गाव कोन्तं म्हनलं?”

“ऑक्सितानिया. मी फ्रेंच नाही, मामाजी. ऑक्सितान हाओ.”

“थे कुठी आलं आता?” मी विचारलं.

बायको डाळ निवडत होती. जोआनने तिच्या सुपातच बोटाने नकाशा काढला. “हा पिरेनीज पहाड. इकडं आल्प्स. खाली समुद्र. मधात आमचा मुलूख. लय सारा फ्रान्समधी, थोडा इटलीत, एक खोरं स्पेनमधी.”

“अन् बॉर्डर?”

“नाही.”

“सरकार?”

“थे बी नाही.”

“मंग हाय तरी काय?”

“बोली हाय. माह्या आजीनं शाळेत थे बोलून मार खाल्ला. तरी घरी थेच बोले.”

बायकोचे डोळे भरून आले. मी तिच्या कानाशी लागलो, “तीन देशात हाय अन् एकाचा बी नाही! फरारी तं नाही ना?”

“गप बसा!”

गप कसला बसतो? मी जन्माचा भित्रा; पाल दिसली तरी दुकान बंद करतो. इथे तर पोरीचा जन्म पणाला लागलेला! मी न्हाणीत शिरून हवालदार मेव्हण्याला फोन लावला. “सुधाकर, गुपचूप ये!”

सुधाकर आला. जीपमधून. गणवेशात! मागे अर्धा बाजार. आधीच गोरा जोआन पार चुन्यासारखा झाला. त्याने पासपोर्ट काढून सुधाकरच्या हातात ठेवला.

“फ्रान्सचाच तं हाय, भाऊजी,” सुधाकर म्हणाला. “काहून बोलावलं मले?”

“पासपोर्ट फ्रान्सचा,” जोआन चाचरत म्हणाला, “पन मी ऑक्सितान.”

“ऐकलं?” मी किंचाळलो.

पल्लवी माझ्याकडे वळली. तिला इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. “बाबा, पुन्यात कोनी इचारलं तं तुमी कुठचे सांगता?”

“वऱ्हाडचा. त्यात काय?”

“आधारवर वऱ्हाड लिहेल हाय? त्याची बॉर्डर कुठी हाय? अन् आपल्या बोलीले कोनी हासलं तं तुमी काहून भांडता?”

मी सुधाकरकडे पाहिलं; तो पासपोर्ट परत करत होता.

“उद्या साक्षगंध करायचं का नाही, थे आता जोआन ठरवंन,” ती म्हणाली. मी जोआनपुढे हात जोडले.

जोआनने माझे हात खाली घेतले. मग म्हणाला, “मामाजी, परक्या मानसाले आमच्या गावात बी असेच भेतात. फक्त पोलीस नाही बोलावत.”

सगळे हसले.

साक्षगंध झालं. जोआनची ओळख गावाला पटली, आणि माझीही पक्की झाली: ‘जावयावर पोलीस घालणारा सासरा’. आधारवर तसं कुठेच लिहिलेलं नाही, पण फाट्यावर उतरून एवढंच विचारा, कोणीही थेट माझ्या दुकानापर्यंत आणून सोडतो!