बोगद्यात गाणारी मामी

माझ्या मामीइतकी मोठी गायिका सगळ्या नेदरलँड्समध्ये नाही, आणि तिच्याइतकं हट्टी माणूसही नाही. मामाच्या कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतल्या नोकरीमागोमाग ती इथल्या न्यूनेन गावी आली ती डिपेंडंट व्हिसावर, नवऱ्यासोबत आलेली बायको म्हणून. वेळ जाईना, म्हणून चर्चच्या गायनवृंदात शिरली आणि तिथे तिला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल संगीत भेटलं. आता द हेगला तिचा कार्यक्रम असला की तिकिटं आम्हालाही मिळत नाहीत. मामाला लोक मॅडमचे मिस्टर म्हणून ओळखतात आणि त्याला ते मनापासून आवडतं.

एवढं नाव झालं तरी रियाज मात्र रस्त्याखालच्या सायकलींच्या बोगद्यातच. कारण अगदी सुरुवातीला भिंतीपलीकडच्या डच बाईंनी सरळ सांगितलं होतं, की आवाज सुरेख आहे, पण माझ्या कुत्र्याला पटत नाही. तो कुत्रा कधीच गेला, मामीने त्याचं मत अजून मानलंय. साडीवर रेनकोट चढवून ती बोगद्यात उभी राहते. कामावर निघालेली माणसं सायकलवरून उतरून ऐकत बसतात, आणि ही गाणं थांबवून त्यांनाच दटावते, की उशीर होईल, निघा आता. कार्यक्रमाआधी तिला मेतकूट-भात लागतो. चमचमत्या पर्समध्ये एक वेळ लिपस्टिक नसेल, मेतकुटाची डबी असतेच.

गेल्या हिवाळ्यात तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे बोलायचं नाही, आणि गाता येईल का ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामीने सायकलची घंटी काढून स्वयंपाकघरात आणली. एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही, आणि वाजतच राहिली तर मामाने आमटी खारट केलीय. आम्ही खूप हसायचो. ती खिडकीशी नुसती बसून राहिली की मात्र कुणाला हसू येत नसे.

डॉक्टरांकडून गायची परवानगी मिळाल्यावर ती मला घेऊन थेट बोगद्यात गेली. तिने डोळे मिटले. मला भीती वाटत होती. सूर निघाला तो जाड, खरखरीत. वर चढताना तुटलाच. दोघंतिघं सायकलवाले थांबले होते. मामीने तोच जाड सूर पुन्हा खालच्या पट्टीत लावून पाहिला.

"वरचे सूर गेले रे," ती म्हणाली. "पण हा खालचा कोण आलाय, बघ. ठेवून घेऊ याला."

तिचा जुना आवाज आठवला की मला अजून वाईट वाटतं. पण त्या सकाळी ती त्या नव्या आवाजात गात राहिली, लोक जमत गेले, आणि तिने कुणालाच उशीर होईल म्हणून दटावलं नाही.