नदीपार नेल्याचा गुन्हा

नोरीन हॅडलॉक आमच्या गावच्या शाळेची पिवळी बस चालवायची. गावात चाळिशीच्या आतलं असं माणूस सापडायचं नाही, ज्याला तिने कधी ना कधी "खाली बस, नाहीतर आईला फोन लावीन" असं दरडावलं नसेल. बाई नाकासमोर चालणारी. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. तिचा नवरा लाईल कांद्याच्या वखारीत छातीत कळ येऊन गेला, तर त्याला पुरल्याच्या दुसऱ्या सकाळी ही बसवर हजर. लोक म्हणाले, दगड आहे नुसती. लोकांना काय, म्हणायला पैसे पडत नाहीत. आई लवकर गेली म्हणून धाकट्या बहिणीला, मार्लाला, तिनेच वाढवलं होतं. वेण्या घालण्यापासून लग्नात पाठीशी उभं राहण्यापर्यंत सगळं केलं आणि त्याबद्दल ना कुरकुर केली, ना कौतुक करून घेतलं.

आमचं गाव आयडाहोत, स्नेक नदीच्या अलीकडे. पलीकडे ओरेगन. तिकडे विक्रीकर नाही, म्हणून फ्रीजपासून मोज्यांपर्यंत सगळं आम्ही तिकडून आणतो. इकडे गांजा सापडला तर कोठडी, तिकडे तो दुकानात मिळतो. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे काही सज्जन शनिवारी पुलावर दिसतात आणि आपण त्यांना पाहिलंच नाही असं सगळे धरून चालतात. पूल ओलांडणं म्हणजे आमच्याकडे अंगण ओलांडणं. त्याच पुलावरून कुणाला नेणं हा गुन्हा होऊ शकतो, हे नोरीनने ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं.

एका दुपारी सगळी पोरं उतरली तरी टेसा, मार्लाची सोळा वर्षांची लेक, मागच्या बाकावर बसूनच राहिली.

"काय गं, आज इथंच वस्ती का?" नोरीनने आरशातून विचारलं.

"मावशी, तू शुक्रवारी नदीपलीकडे जाणार आहेस ना?"

"जाणार. टायर बघायचेत."

"मला ने. पण टायरवाल्याकडे नको."

नोरीनने इंजिन बंद केलं. लहानपणी बसमध्ये उलटी होण्याआधी पोरगी जशी दिसायची, तशीच आता दिसत होती. नोरीनने आणखी काही विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं.

"पोरगा कोण?"

"तो गेला. त्याचं नाव नको काढूस."

"आईला सांगितलंस?"

"वेडी आहेस का! रविवारी मुलींच्या वर्गात शील म्हणजे काय, हे तीच शिकवते. ती मरेल, मावशी. नाहीतर मला मारेल."

"मारायची नाही. रडेल."

"ते जास्त वाईट."

नोरीनला ते पटलं. मार्लाला तिने वाढवलेलं, तिच्या मनात काय असेल हे आपल्याला बसल्या जागी सांगता येतं, असा तिचा समज. तिने बहिणीला विचारलं नाही. आमच्याकडचा कायदा असा की, इकडे गर्भपात जवळपास बंदच. आणि अल्पवयीन मुलीला आईबापांपासून लपवून त्यासाठी नेलं, तर नेणाऱ्याला दोन ते पाच वर्षं तुरुंग. आईबापांपैकी कुणाची संमती असेल तर मात्र नेणारा सुटतो. मार्लाचा नवरा सदा ट्रक घेऊन बाहेर, तेव्हा विचारायचं ते मार्लालाच. पण नाही विचारलं. शाळेच्या नाचाला झगा घ्यायचाय, रात्री तिकडेच राहू, असं मार्लाला सांगून टाकलं.

आणि बदली म्हणून बस चालवायला येणाऱ्या आर्डिस पगमायरला सांगितलं, "टेसाचं पोट बरं नाही, दवाखान्यात नेतेय." खोटं बोलायची सवय नसलेली बाई. खऱ्याच्या जवळात जवळचं जे खोटं सापडलं, ते तिने उचललं. दोघींना दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोघी एकाच चर्चच्या.

आता आमच्याकडची रीत अशी की कुणी आजारी पडलं, बाळंत झालं किंवा मेलं की त्या घरी चीज आणि मलई घालून भाजलेल्या बटाट्यांचा ट्रे जातो. विचारायचं नसतं, न्यायचं असतं. "काही लागलं तर सांगा" असं नुसतं तोंडाने म्हणणाऱ्या बाईला आमच्याकडे कुणी विचारत नाही. नोरीनने स्वतः असे ट्रे जन्मभर वाहिले होते. तरी हे तिच्या डोक्यात आलं नाही. आमच्या गावात पाप लपवता येतं, पोटदुखी लपवता येत नाही.

पलीकडे सगळं सरळ झालं. दवाखान्यातल्या बाई मऊ बोलणाऱ्या होत्या. रात्री मोटेलच्या खोलीत टेसा पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती आणि नोरीन टीव्हीवर आवाज बंद करून हवामान बघत होती. टेसाने दोघींचे फोन आधीच बंद करून ठेवले होते.

"मावशी, तुला राग आलाय का?"

"नाही."

"वाईट वाटतंय?"

"नाही गं."

"मग काय वाटतंय?"

नोरीनने खरोखर आत शोधून पाहिलं. दात काढल्यावर गालाला हात लावून बघावं, तसं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "तू सूप संपव."

त्याच संध्याकाळी इकडे आर्डिस मार्लाच्या दारात गरम ट्रे घेऊन उभी होती.

"पोरीचं पोट कसंय?"

"कुणाच्या पोरीचं?" मार्ला म्हणाली.

पुढचं व्हायचं तेच झालं. मार्लाने दोघींना फोन लावले. लागेनात. मग जवळचे दवाखाने पालथे घातले, आणि शेवटी रडत शेरीफच्या कचेरीत फोन केला, की माझी पोरगी सापडत नाहीये. तिला फक्त पोरगी सापडायला हवी होती. पण शेरीफकडे गेलेला शब्द परत मागता येत नाही.

सकाळी पुलाच्या अलीकडे कोल्टर नावाच्या हवालदाराने गाडी थांबवली. दुसरीत असताना हा पोरगा रोज नोरीनच्या मागच्याच बाकावर बसायचा.

"नोरीनबाई, टेसा हरवल्याची खबर आहे. कुठं होतात?"

"पलीकडे," नोरीन म्हणाली.

"मावशीचा काही दोष नाही!" टेसा रडायलाच लागली. "मीच म्हटलं तिला. दवाखान्यात ने म्हणून मीच मागे लागले. आईला सांगू नको म्हणूनही मीच..."

"टेसा, गप्प बस," कोल्टर म्हणाला. "पाया पडतो, गप्प बस."

पण त्याच्या छातीवरचा कॅमेरा चालू होता.

नोरीनवर गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, पण बस गेली. बहिणीशी आणि भाचीशी बोलायला बंदी आली, स्वतः नाही आणि कुणामार्फतही नाही. ती घरी बसली. खिडकीतून सकाळी बस जाताना दिसायची, मग दुपारी येताना. तिला ना भीती वाटत होती, ना लाज. जेवणाला चव लागत नव्हती, म्हणून मीठ घालायची, आणि मग नुसतं मीठ लागायचं. एकदा आर्डिस आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून हुंदके द्यायला लागली.

"मी फक्त बटाटे नेले गं!"

"माहीत आहे."

"मला खरं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर?"

आर्डिसने प्रामाणिकपणे विचार केला. "तर तुला दोन शिव्या घातल्या असत्या. आणि बटाटे इकडे आणले असते."

सरकारने दिलेला वकील तरुण होता, घाईत असायचा, पण मनाचा बरा. त्याने एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. "तुमच्या बहिणीने कोर्टात म्हटलं की तिची संमती होती, तर केस तिथंच संपते."

"ती खोटं बोलायची नाही."

"तुमच्यासाठीही?"

"लहानपणी बिस्किट चोरलं तरी स्वतःच सांगत यायची," नोरीन म्हणाली. "मीच तसं शिकवलं."

वकिलाने मान हलवली. नोरीनला वाटलं, आता तरी आपल्याला घाबरायला हवं. पण भीती आलीच नाही.

खटला उभा करायचा की नाही, हे ठरण्याच्या दिवशी कोर्टात चर्चच्या बायका ओळीने बसल्या होत्या. मार्ला साक्षीला उभी राहिली. तिने पुस्तकावर हात ठेवला. तिच्या वेणीतून बट सुटली होती. नोरीनचा हात उगाच मांडीवर हलला.

सरकारी वकिलाने विचारलं, "तुमच्या मुलीला ओरेगनला कशासाठी नेतायत, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मार्लाने बाकांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिच्या एका होकारावर नोरीन घरी गेली असती.

"नाही," मार्ला म्हणाली.

नोरीनच्या वकिलाने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुमची संमती नव्हती?"

"मला कुणी विचारलंच नाही." मार्लाचा आवाज फाटला. "विचारलं असतं तर मीच नेलं असतं तिला."

चर्चच्या ओळीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. सरकारी वकील घाईने म्हणाला, "एवढं पुरे."

"पुरे कसं?" मार्ला वळली. "ताई, तू मला का नाही विचारलंस? माझी पोर तिथं पडली होती आणि मी इथं... तू मला वाढवलंस ना गं? एवढंही ओळखलं नाहीस मला?"

"साक्षीदाराने आरोपीशी बोलू नये," न्यायाधीश म्हणाले.

मार्ला साक्षीच्या जागेवरून खाली उतरली. रविवारच्या वर्गात तिला आता कुणी उभं करणार नव्हतं, हे तिच्यासकट सगळ्यांना कळलं होतं. न्यायाधीशांनी खटला वरच्या कोर्टात पाठवला. दोन ते पाच वर्षं, त्यांनी पुन्हा एकदा वाचून दाखवलं. त्यातलं काही नोरीनच्या कानात शिरलं नाही. तिला आतून असं दुखायला लागलं होतं की बसल्या जागी तिने वकिलाचा हात घट्ट धरला.

"पाच तर पाच होऊ देत," ती म्हणाली. "पण तिला एवढं सांगा, चुकलं माझं. मला वाटलं होतं मी तिला ओळखते."

वकिलाने हात हळूच सोडवून घेतला. ती सरकारी साक्षीदार आहे, तो म्हणाला, हा निरोप मला तिला देता येणार नाही.