चंदूचं आभाळ

आमच्या चेंदणी कोळीवाड्यात चंदूइतका आभाळाचा नाद कोणालाच नव्हता. पोटापाण्याला तो ठाण्याच्या कोर्टात शिपाई. पण संध्याकाळ झाली की गडी जुना रशियन कॅमेरा गळ्यात अडकवून खाडीवर हजर. मासळीची पाटी पालथी घालायची, वर कॅमेरा टेकवायचा आणि मावळतीकडे अशा प्रेमाने बघत बसायचं की त्याच्या बायकोला, मंजुळाला, सवत आल्यासारखं वाटायचं.

त्या वेळचा उजेड मोठा खट्याळ. आभाळ साधावं तर होड्यांचा कोळसा, होड्या साधाव्यात तर आभाळ पांढरंफटक. चंदू कायम आभाळ साधायचा. त्यात कुठल्याशा स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, तेव्हापासून त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

सत्याऐंशी साली त्यांची होडी विकायची ठरली. वडील गोमाजी वारले होते आणि चंदू काही जाळं टाकणारा नव्हे. दिवा गावचं गिऱ्हाईक रविवारी होडी न्यायला येणार होतं. आई आवडाबाई त्याला एवढंच म्हणाली, "होरीचा एक फोटू काढ. तुज्या बापानं मारलेला पट्टा दिसला पायजे." नारळी पौर्णिमेला होडी रंगवताना पुढचा लाल-पिवळा पट्टा गोमाजी दुसऱ्या कोणाला मारू देत नसे. नवा मालक आता त्यावर आपला रंग देणार होता.

चंदूने फोटो आणला. मावळती अशी की बघत राहावं. आवडाबाई म्हणाली, "याच्यान होरी कुठं हाय?"

"दुपारी काढ की लेका," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू होडी मीच विकली!

शनिवारी पठ्ठ्याने कंदिलाच्या धुरावर काच काळी केली आणि फोटो घेताना ती भिंगाच्या वरच्या अर्ध्यावर धरली. आभाळ दबावं, खालची होडी उजळावी, आणि मध्ये रेघ उमटू नये म्हणून काच हळूहळू हलवत राहायची. शेजारच्या रंगूबाईने काळी काच पाहिली मात्र, "गिराण लागला गो!" म्हणून ओरडत पोटुशी सून घरात कोंडली. आळीत दोन घरांचं शिजलेलं कालवण ग्रहणाच्या धास्तीने उकिरड्यावर गेलं. चंदूचा हात तेवढा थांबला नाही.

फोटो धुऊन आला तेव्हा होडी दिव्याला गेलेली. पण फोटो खरंच झकास होता. आभाळ भरलेलं आणि पट्टा लखलखीत. आवडाबाईने तो खिडकीशी नेला, पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग गोमाजीची तसबीर उतरवून काच काढली. फोटो आत मावेना, तशी तिने कात्री घेतली आणि आभाळ सरळ कापून टाकलं.

"अगो आये!" चंदू किंचाळला.

"आभाल रोजचाच हाय," ती म्हणाली, आणि होडी नवऱ्याच्या पायाशी सरकवली.

मला हसू फुटत होतं, पण तिच्याकडे बघून मी ते गिळलं. चंदू कापलेलं आभाळ हातात घेऊन उभा होता. मग त्याने विचारलं, "पट्टा नीट दिसतंय नं, आये?"

ती तसबिरीची काच पदराने पुसत राहिली. मंजुळानेच हो म्हटलं.